हरकत नसल्याची नोंद

प्रभाग समितीच्या प्रत्येक सभेला किमान एक नागरिक हजर असावा, असा ठराव जागरूक नागरिक मंचाने एकमताने केला, तेव्हा मंचाच्या त्या बैठकीला एकूण तीन माणसे हजर होती. त्यांतला एक खुर्च्या परत न्यायला आलेला होता. तरीही ठराव चांगला होता. कारभारावर लोकांची नजर राहिली की कारभार सुधारतो, असे मंचाच्या समन्वयकांनी एका पुस्तिकेत वाचले होते. ती पुस्तिकाही त्यांनीच लिहिली होती.

प्रभागात चौसष्ट हजार माणसे राहत होती. निरीक्षकांच्या प्रशिक्षणाला अकरा जण आले. दोघांना हे सांधेदुखीवरचे व्याख्यान वाटले होते. गैरसमज दूर होताच ते लंगडत निघून गेले. चार जण पंख्याखाली बसायला आले होते आणि वीज गेल्यावर गेले. उरलेल्यांपैकी चौघांनी 'निरीक्षकाने सभेत एक अक्षरही बोलायचे नाही' हा नियम ऐकला आणि कोणी कानफटात मारल्यासारखे ते उठले. शेवटी एकट्या ऑपरेटरबाई राहिल्या.

ऑपरेटरबाईंनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तेहतीस वर्षे काढली होती. दोन माणसांचे बोलणे जोडून द्यायचे, जोडले गेले की नाही ते कान देऊन ऐकायचे आणि मध्ये तोंड घालायचे नाही, यात त्यांची हयात गेली. शहरातली किती लग्ने फोनवर मोडली, कोण कोणाला काय म्हणाले, हे सगळे त्यांना ठाऊक होते आणि त्यांनी ते कुणालाही, अगदी यजमानांनाही, कधी सांगितले नव्हते. समन्वयक हे निवृत्त संख्याशास्त्राचे प्राध्यापक. त्यांना बाईंमध्ये आदर्श निरीक्षक दिसला.

"मान हलवायची नाही," ते म्हणाले. "भुवई उचलायची नाही. हसू आलं तर रुमाल. संताप आला तर पाणी. आपण आरसा आहोत, बाई. आरसा कधी बोलतो का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"बघा, हेसुद्धा बोलायचं नव्हतं."

बाईंना वीस प्रश्नांचा तक्ता देण्यात आला. सभा वेळेवर सुरू झाली का? घड्याळ चालू होते का? विषयपत्रिका भिंतीवर लावली होती का, आणि ती सरळ होती का? प्रत्येक 'हो'ला अर्धा गुण. सभेत काय ठरले, हा प्रश्न तक्त्यात नव्हता. तो मोजता येत नाही, असे समन्वयकांचे मत होते.

पहिल्या सभेला बाई दारात उभ्या राहिल्या तेव्हा अध्यक्षांच्या हातातला पुठ्ठ्याचा पंखा थांबला. वीस वर्षांत त्या दारातून बिनकामाचे कोणी आत आले नव्हते.

"कोणाकडून आलात?" अध्यक्षांनी विचारले.

"नागरिक आहे," बाई म्हणाल्या. सभा अजून सुरू झाली नव्हती, त्यामुळे बोलायला मुभा होती.

"ते झालं हो. पण कुठल्या खात्याकडून?"

नागरिकांसाठी खुर्ची नव्हती. शोधाशोध करून एक आणण्यात आली आणि कपाट क्रमांक चार व पाण्याचा पिंप यांच्या मधल्या फटीत बसवण्यात आली. बाई तिच्यावर बसल्या, पर्स मांडीवर ठेवली आणि आरसा झाल्या. सदस्यांना काही सुचेना. रोज टेबलाखाली चपला काढून बसणाऱ्यांनी त्या पायांनी चाचपडत परत घातल्या. एका सदस्याने तर विषयपत्रिका वाचली.

घाबरले नाहीत ते फक्त सभालेखनिक. हा गृहस्थ दोन पेने घेऊन बसत असे. सभेत काय बोलले गेले ते लिहायला निळे आणि काय नोंदवायचे ते लिहायला काळे. निळे पेन तो नोकरीला लागला तेव्हा मिळाले होते आणि त्यातली शाई अजून संपली नव्हती. बाईंकडे तो बराच वेळ बघत राहिला. मग त्याने नियमावली काढली, तिच्यावरची धूळ फुंकली, ती बाईंच्याच अंगावर उडाली, आणि तो अध्यक्षांच्या कानाशी लागला.

नियम सतरा असा होता : सार्वजनिक जागेचा वापर बदलणारा कोणताही ठराव किमान एका नागरिकाच्या समक्ष मांडावा. त्याची हरकत नसेल तर मंजूर करावा. आणि पुढच्या सभेत, पुन्हा नागरिकाच्या समक्ष, आधीच्या सभेचे इतिवृत्त वाचून कायम केल्यावरच तो अमलात आणावा. वीस वर्षांत एकही नागरिक न फिरकल्यामुळे असे एक्केचाळीस ठराव अडकून पडले होते. ते कपाट क्रमांक चारमध्ये होते. बाईंचा डावा खांदा त्याच कपाटाला टेकला होता.

दुसऱ्या सभेला बाईंसाठी गादीची खुर्ची होती.

"ठराव क्रमांक एक," लेखनिकाने वाचले. "मुख्य रस्त्यावरचा बसथांबा उन्हात असल्याने तो मागच्या सावलीच्या गल्लीत हलवणे."

त्या गल्लीतून बस जात नाही, हे बाईंना माहीत होते. गल्ली सहा फूट रुंद होती.

"कोणाची हरकत?" अध्यक्षांनी विचारले आणि सगळ्यांनी माना वळवून बाईंकडे पाहिले. बाईंनी मान हलवली नाही. भुवई उचलली नाही. पाण्याचा एक घोट घेतला.

"हरकत नाही," लेखनिक म्हणाला आणि काळे पेन चालले.

बागेतल्या बाकांवर लोक बसून राहतात, सबब बाक काढणे. हरकत नाही. अध्यक्षांच्या मेव्हण्याच्या दुकानासमोर वाहने भरधाव जातात व दुकान कुणाला दिसत नाही, सबब तिथे लागोपाठ तीन गतिरोधक घालणे. हरकत नाही. ठराव क्रमांक तेवीस : मंडईतील महिला प्रसाधनगृहाचा वापर शून्य असल्याचे पाहणीत आढळल्याने ते पाडून त्या जागी कारंजे व छायाचित्र काढण्यासाठी चौथरा उभारणे. पाहणी मंडईच्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी करण्यात आली होती.

तेविसाव्या ठरावाला बाईंनी दोन घोट पाणी घेतले. चाळिसाव्यापर्यंत तांब्या संपला. सभा वेळेवर सुरू झाली होती, घड्याळ चालू होते, विषयपत्रिका सरळ होती. समितीला दहापैकी साडेनऊ गुण मिळाले. अर्धा गुण पिंपाला झाकण नसल्यामुळे गेला.

दुसऱ्या दिवशी मंडईतल्या मुतारीला कुलूप लागले आणि वर पाटी आली : 'येथे लवकरच कारंजे.' इतिवृत्त अजून कायम झाले नव्हते. पण कुलूप लावणे ही अंमलबजावणी नसून पूर्वतयारी आहे, असा खुलासा पाटीच्याच खाली बारीक अक्षरात होता.

ऑपरेटरबाईंची धाकटी बहीण त्याच मंडईत बटणे, सुया, दोरे आणि चेन विकायला बसायची. सकाळी आठला फळकूट मांडले की संध्याकाळी सातला उचलायचे. चार दिवसांनी ती बाईंच्या घरी आली. चेहरा ओढलेला होता. बाईंनी तिच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला तसा तिने तो बोटाने मागे सारला.

"नको. सवय मोडलीय."

"अगं, पाणी पिण्याची कसली सवय मोडायची?"

"सकाळपासून थेंब घेतला नाही तर संध्याकाळपर्यंत निभतं. पहिले दोन दिवस मागच्या वाड्यातल्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो आम्ही. तिसऱ्या दिवशी त्यांनी दार उघडलं नाही. का उघडावं? चाळीस बायका आहोत आम्ही." मग तिने पदर खोचला. "पाटीवर लिहिलंय की नागरिकांसमोर ठरलं. कुठला मेला नागरिक बसला होता तिथे, कळलं तर त्याला सुई टोचून येईन."

यजमान आतून म्हणाले, "अगं, हीच होती की!"

धाकटी बाईंकडे वळली.

"तू होतीस?" धाकटी म्हणाली. "ताई, तू तिथे बसली होतीस?"

"निरीक्षक म्हणून होते गं. बोलायचं नसतं."

"घरात मला झाकण नीट लावलं नाहीस म्हणून बोलतेस. ओलं फडकं कुठे टाकलंस म्हणून बोलतेस. आणि तिथे तुझी दातखीळ बसली?"

ती उठून गेली. पेला तसाच राहिला. बाईंना त्या दिवशी जेवण गेले नाही.

त्यांनी समन्वयकांना फोन लावला. समन्वयक आनंदात होते. साडेनऊ गुण हा मंचाच्या इतिहासातला उच्चांक होता आणि समितीला 'पारदर्शक प्रभाग' असे प्रमाणपत्र देण्याचे ठरत होते.

"अहो, पण मुतारी पाडताहेत," बाई म्हणाल्या.

"पारदर्शकपणे पाडताहेत ना? आपल्यासमोर ठरवलं ना? पूर्वी लपूनछपून पाडली असती. हा केवढा फरक आहे, बाई!"

"मी बोलले तर?"

"डेटा नासेल," समन्वयक म्हणाले. त्यांच्या आवाजात खरेच भीती होती.

तेव्हा बाईंनी नियमावली मिळवून स्वतःच नियम सतरा वाचला आणि त्यांना दिसले की पुढच्या सभेला नागरिक नसेल तर इतिवृत्त कायम होणार नाही, आणि इतिवृत्त कायम झाले नाही तर मुतारीची एक वीटही हलणार नाही. बोलणे तर मना होते. पण न जाणे मना नव्हते. त्यांनी अंथरुणावर पाठ टेकली आणि ताप आल्याचे कळवले.

सभा तहकूब झाली. पुढच्या आठवड्याची सभाही तहकूब झाली. समितीने प्रभागातला दुसरा नागरिक मिळवण्याचा प्रयत्न केला; पण ज्याला विचारावे तो कामात होता. तिसऱ्या आठवड्यात मंगळवारी सकाळी अकरा वाजता बाईंच्या दारावरची घंटा वाजली. दारात अध्यक्ष, सात सदस्य आणि दोन पेने घेतलेला लेखनिक उभे होते. एकाच्या हातात भिंतीवरचे घड्याळ होते.

"आजारी माणसाला त्रास नको म्हणून आम्हीच आलो," लेखनिक नम्रपणे म्हणाला. "जिथे अध्यक्ष, नोंदवही आणि नागरिक एकत्र असतील ते सभागृह. नियम तीन."

यजमानांना कोण आनंद झाला! निवृत्तीनंतर घरी एकदम नऊ माणसे आली नव्हती. त्यांनी पाहुण्यांना पलंगाभोवती बसवले, मोडक्या खुर्च्या सदस्यांना आणि चांगली खुर्ची अध्यक्षांना दिली आणि चहा टाकायला गेले. बाईंनी पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतले. पांघरुणाखाली त्यांनी बाहेर जायची चांगली साडी नेसलेली होती. त्या बहिणीकडे निघाल्या होत्या.

लेखनिकाने इतिवृत्त वाचायला घेतले. एक्केचाळीस ठराव. अध्यक्षांनी मध्येच स्वयंपाकघराकडे मान करून सांगितले, "मला साखरेचा त्रास आहे हो. माझा बिनसाखरेचा मिळेल का?" आणि मग वळून सभेला विचारले, "इतिवृत्त कायम करण्यास कोणाची हरकत?"

"काही हरकत नाही!" यजमान आतून ओरडले.

काळे पेन कागदावर टेकले.

"हरकत आहे!" बाई म्हणाल्या.

त्या पलंगावर उठून बसल्या होत्या. तो आवाज तेहतीस वर्षांत त्यांनी दोनदाच वापरला होता. दोन्ही वेळा तारेच्या पलीकडचा माणूस शिव्या देता देता गप्प झाला होता. "मुतारीला वापर नाही म्हणता? सुट्टीच्या दिवशी मोजायला गेलात! माझी बहीण दिवसभर पाणी पीत नाही. चाळीस बायका पाणी पीत नाहीत. आणि तुम्ही त्या जागी पाणी उडवणार?"

सदस्य जमिनीकडे बघू लागले. एकाने हळूच चपला घातल्या. यजमान ट्रे घेऊन दारात थबकले.

लेखनिक मात्र दुःखी झाला होता. "बाई, तुम्ही बोललात," तो म्हणाला. "बोललेला निरीक्षक हा निरीक्षक राहत नाही. मंचाचाच नियम. आता तुम्ही साध्या नागरिक झालात. साध्या नागरिकाने हरकत लेखी द्यायची असते, तीन प्रतींत, सभेच्या सात दिवस आधी."

"मग मी नागरिक आहे ना? माझ्यासमोर तुम्हाला—"

"आहात ना. म्हणून तर तुमच्यासमोर इतिवृत्त कायम झालं."

नोंदवहीत लिहिले गेले : 'उपस्थित नागरिकांनी चर्चेत उत्स्फूर्त भाग घेतला. यजमानांनी संमती दिली. चहा उत्तम होता.' मंचाने बाईंना त्याच दिवशी निरीक्षक पदावरून दूर केले आणि लोकसहभागाबद्दल समितीला उरलेला अर्धा गुण दिला.

बाईंनी लेखी हरकत दिली. तीन प्रतींत दिली. तिची पोच मिळाली. हरकत कपाट क्रमांक चारमध्ये गेली, कारण तिथे आता भरपूर जागा झाली होती.

त्या मंडईत गेल्या. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. एक्स्चेंजमध्ये 'क्षमा करा, सर्व लाइन्स व्यस्त आहेत' एवढीच माफी त्या मागत. त्या धाकटीच्या फळकुटाशेजारी उभ्या राहिल्या आणि नको असलेली एक चेन निवडू लागल्या.

"बोलले मी," त्या शेवटी म्हणाल्या.

"कळलं. भावजी सगळ्या मंडईला सांगून गेले." धाकटीने त्यांच्या हातातली चेन काढून घेतली. "ही खराब आहे, घेऊ नकोस. मग? काय झालं?"

"काही नाही. पाडणार. माणसं दुसऱ्या प्रभागातली मुतारी पाडण्यात गुंतलीत म्हणून थांबलंय."

धाकटी थोडा वेळ बटणे निवडत बसली. मग तिने विचारले, "तुमच्या त्या कचेरीत संडास आहे का गं?"

"आहे की. सभागृहाला लागूनच. एक आहे, सदस्यांसाठी."

"पाणी येतं?"

"दिवसभर."

"आणि सभेला कोणीही येऊ शकतं?"

"दारावर प्रमाणपत्र लावलंय तसं. सर्वांसाठी खुलं."

"सभा कधी आहे?" धाकटीने विचारले.

पुढच्या सभेला बरोबर अकरा वाजता पहिल्या चार बायका आल्या. केरसुणीवाली, दोघी भाजीवाल्या आणि धाकटी. त्यांनी नोंदवहीत सह्या केल्या, रांगेत बसल्या आणि आरशासारख्या गप्प राहिल्या. समन्वयक मुद्दाम आले होते. एवढी उपस्थिती बघून त्यांचे डोळे पाणावले. दोन मिनिटांनी केरसुणीवालीने लेखनिकाला खूण करून विचारले आणि ती सभागृहाला लागून असलेल्या दारातून आत गेली. ती आल्यावर दुसरी गेली. चौथी बाहेर येईपर्यंत पुढच्या चार येऊन बसल्या होत्या. दुकाने उघडी टाकता येत नसल्यामुळे त्यांनी पाळ्या लावल्या होत्या, आणि त्या चुकत नव्हत्या. पाळ्यांच्या यादीत चाळीस नावे होती; एकदम चाळीस नागरिकांनी कारभारात रस घेतला होता.

साडेअकराला अध्यक्ष उठले. आत कोणीतरी होते. ते बसले. पावणेबाराला उठले. आत दुसरे कोणीतरी होते. आल्यापासून त्यांचे दोन चहा झाले होते.

"अध्यक्षांना जरा पुढे जाऊ द्याल का?" लेखनिकाने विचारले.

"आमची हरकत आहे," केरसुणीवाली म्हणाली. ती दुसऱ्यांदा आली होती.

लेखनिकाने नियमावली उघडली. रांगेबद्दल नियम नव्हता. बाराला पाच कमी असताना अध्यक्षांनी एक हात टेबलावर घट्ट दाबून धरला आणि ते म्हणाले, "ठराव तेवीस रद्द. मंडईतलं प्रसाधनगृह उघडा. आज. आत्ता."

"साहेब, विषय पत्रिकेवर नाही."

"तातडीचा विषय आहे!"

"तातडीची व्याख्या बघावी लागेल."

"मला विचारा ना!" अध्यक्ष ओरडले. "मी सांगतो तुम्हाला व्याख्या!"

लेखनिक कर्तव्यदक्ष होता, निर्दय नव्हता. रद्द करणे हा बदल नसून बदलाचा अभाव आहे, असा त्याने निर्वाळा दिला. "कोणाची हरकत?" असे अध्यक्षांनी उभ्यानेच विचारले आणि उत्तराची वाट न बघता ते आतल्या दाराकडे गेले. या वेळी बायकांनी वाट सोडली.

तासाभरात मंडईतले कुलूप निघाले. पाटी केरसुणीवालीने नेली. तिला वजन ठेवायला फळी हवीच होती. दुपारी ऑपरेटरबाई बहिणीच्या फळकुटापाशी गेल्या तेव्हा धाकटी तांब्याला तोंड लावून पाणी पीत होती. गळ्यावरून ओघळत होते, पुसायचीही तिला शुद्ध नव्हती. बाई खाली बसून सांडलेली बटणे रंगाप्रमाणे लावू लागल्या.

"चुकीची लावत्येस," धाकटी म्हणाली, आणि मग दोघींना जे हसू फुटले ते आवरेना.

प्रकरण इथे संपते; निदान तेवीस क्रमांकाचे. उरलेले चाळीस ठराव कायम झालेले असल्याने अमलात आले. बसची वाट बघणारे आता सावलीच्या गल्लीत उभे राहतात आणि मुख्य रस्त्यावरून जाणारी बस बघतात. बाग रिकामी व स्वच्छ आहे. पुढच्या सभेसाठी समितीने उत्साहाने चाळीस खुर्च्या मांडल्या. पण बायकांचे काम झाले होते आणि त्यांना दुकाने होती. ऑपरेटरबाईंना मंचाने पुन्हा घेतले नाही. सभा नागरिकाअभावी तहकूब झाली आणि बेचाळीस ते सत्तर हे नवे ठराव कपाटात वाट बघू लागले. त्यांतले काही तुमच्या रस्त्याबद्दल आहेत.

तेव्हा मंचाला ताबडतोब एक निरीक्षक हवा आहे. उमेदवाराने जे चालले आहे ते पहिल्यापासून शेवटपर्यंत नीट बघावे, सगळे समजून घ्यावे, मधूनमधून स्वतःशी हसावे आणि झाल्यावर हातातल्या कागदाची घडी घालून आपल्या कामाला लागावे. अनुभवाची अट आहे. अर्ज करण्याची आवश्यकता नाही. निवड आत्ताच झाली आहे, आणि आपली काही हरकत नसल्याचे काळ्या शाईत लिहूनही झाले आहे.